अलार्मचा माग : सीएनसी नियंत्रकातील विद्युत गोंगाटावरील पुस्तकाची प्रस्तावना

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल एकमेकींच्या शेजारी चालतात. भट्टीत भंगार वितळते, त्याचे बिलेट होते, बिलेट मिलमध्ये जाते आणि पलीकडून टीएमटी सळई बाहेर पडते. सळईच्या अंगावरच्या तिरप्या रिब शेवटच्या स्टँडच्या रोलवर आधीच पाडून ठेवलेल्या खाचांमुळे उमटतात. या खाचा पाडणारी नॉचिंग यंत्रे आणि रोल टर्न करणारे लेथ आता सीएनसीवरही चालतात. काँक्रीट सळईला किती घट्ट धरणार, हे रिबवर अवलंबून असते, म्हणून आयएस १७८६ हे भारतीय मानक रिबचे क्षेत्रफळ किमान किती असावे हे ठरवून देते. नियंत्रकाकडे येणारे एन्कोडरचे पल्स वाटेत हरवले, तर खाचांमधले अंतर बिघडते, आणि एका रोलवरची चूक त्या रोलखालून निघणाऱ्या सगळ्या सळयांवर उमटते.

अशा यंत्रावर मधूनच अलार्म येतो. कधी एन्कोडरचा, कधी सर्व्होचा, कधी नुसता ‘कम्युनिकेशन एरर’. रीसेट केले की यंत्र चालू होते, दोन तास बिनतक्रार चालते आणि पुन्हा थांबते. ऑपरेटर म्हणतो, लाइटचा प्रॉब्लेम. मालक म्हणतो, शेजारच्या भट्टीमुळे होते. सर्व्हिस इंजिनिअर छत्रपती संभाजीनगरहून किंवा पुण्याहून येईपर्यंत यंत्र उभे राहते आणि तो आला की नेमका अलार्म येत नाही. मग अंदाजाने कार्ड बदलले जाते. कार्ड महाग असते आणि दोष बहुधा तिथे नसतोच.

हे पुस्तक या प्रसंगासाठी लिहिले आहे. त्याचा सगळा भर एका गोष्टीवर आहे : कम्युनिकेशनचा दोष आला की पहिले बोट भट्टीकडे दाखवू नका, आधी स्वतःच्या पॅनेलचे दार उघडा. भट्टी निर्दोष असते असे माझे म्हणणे नाही. पण भट्टी जो त्रास देते तो वेगळ्या जातीचा असतो, आणि संदेश बिघडवणारा गोंगाट बहुतेक वेळा यंत्रापासून काही फुटांच्या आत जन्मतो. या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याचे निम्मे काम झाले.

आधी भट्टीचे पाहू. इंडक्शन भट्टी येणारा एसी पुरवठा डीसी करते आणि त्यातून पुन्हा वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा एसी तयार करते. हे करताना ती लाइनमधून सरळ साइन लहरीचा प्रवाह न घेता तुटक प्रवाह घेते. सहा पल्सचा रेक्टिफायर असेल तर पाचवी आणि सातवी हार्मोनिक, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झचे प्रवाह, लाइनमध्ये जातात. बारा पल्सचा असेल तर ही दोन बरीचशी कटतात आणि अकरावी-तेरावी, म्हणजे ५५० आणि ६५० हर्ट्झ, उरतात. हे प्रवाह ट्रान्सफॉर्मर तापवतात, पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर फोडतात आणि व्होल्टेजच्या शून्यावर नजर ठेवून चालणाऱ्या जुन्या थायरिस्टर डीसी ड्राइव्हला गोंधळात टाकतात. शिवाय मोठा भार एकदम चढला-उतरला किंवा लाइनवर कुठे फॉल्ट झाला, की व्होल्टेज थोडा वेळ खाली बसते, म्हणजेच डिप येतो. कंट्रोलला २४ व्होल्ट देणारा एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे एक सायकल, तग धरतो. डिप त्यापेक्षा लांबला की २४ व्होल्ट ढासळतात, आय/ओ मॉड्यूल क्षणभर गप्प होते आणि स्क्रीनवर कम्युनिकेशनचा अलार्म येतो. हा अलार्म कम्युनिकेशनचा दिसला तरी दुखणे पुरवठ्याचे असते. इथे सर्व्हो स्टॅबिलायझर लावून उपयोग होत नाही. त्यातली मोटर फिरून व्होल्टेज सावरेपर्यंत डिप येऊन गेलेला असतो. कंट्रोलच्या पुरवठ्याला छोटा ऑनलाइन यूपीएस किंवा २४ व्होल्टच्या बाजूला बफर मॉड्यूल हे त्यावरचे खरे औषध.

आता दुसरी जात. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी या ड्राइव्हमधले आयजीबीटी स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. त्यांचे व्होल्टेज एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात शेकडो व्होल्टची उडी घेते. इतक्या तीव्र कडेतून निघणारा गोंगाट तीन मेगाहर्ट्झ आणि त्याच्याही पुढे पोचतो. मोटरची केबल आणि जमीन यांच्यात थोडी कपॅसिटन्स असतेच. प्रत्येक उडीबरोबर तिच्यातून प्रवाहाचा एक झटका जमिनीत उतरतो आणि ड्राइव्हकडे परतायची वाट शोधतो. चांगली वाट दिली नसेल तर तो एन्कोडरच्या शिल्डमधून, शून्य व्होल्टच्या वायरमधून, मिळेल तिथून परततो. वाटेत त्याला जो संदेश भेटेल तो बिघडतो. कॉन्टॅक्टरची किंवा सोलेनॉइडची कॉइल सुटतानाही असेच होते. २४ व्होल्टची कॉइल डायोडशिवाय सोडली तर तिच्या टोकांना शेकडो व्होल्टचा झटका उठतो.

मेगाहर्ट्झमधला हा गोंगाट दूर जात नाही. ट्रान्सफॉर्मर, ओव्हरहेड लाइन आणि लांबलचक केबल ओलांडताना तो विरून जातो. म्हणून अर्ध्या किलोमीटरवरच्या भट्टीने तुमच्या एन्कोडरचा पल्स खाल्ला असे म्हणण्यापूर्वी त्याच पॅनेलमधला व्हीएफडी, कूलंट पंपाचा कॉन्टॅक्टर आणि चिप कन्व्हेयरची मोटर तपासायला हवी. डिप दुरून येतात, बिट जवळच बिघडतात. पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे याच फरकावर आहेत.

चौथे प्रकरण अर्थिंगचे आहे आणि ते मुद्दाम मोठे ठेवले आहे, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. आपली जमीन काळी, तिच्याखाली बेसाल्ट. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात, ती अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थ पिटचा रेझिस्टन्स चढतो. म्हणून उन्हाळ्यात मीठ-कोळशाच्या पिटमध्ये पाणी ओतायची पद्धत आहे. ती जरूर पाळावी, कारण शॉकपासून आणि विजेपासून बचाव त्यावर अवलंबून असतो. पण पिटमध्ये पाणी ओतून एन्कोडरचा अलार्म जाईल ही आशा फोल आहे. एक मीटर वायरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. पॅनेलपासून पिटपर्यंत १५ मीटर वायर गेली असेल, तर ५० हर्ट्झला तिचा इंडक्टिव्ह अडथळा एका ओहमच्या दोनशेव्या भागाइतका भरतो. तीच वायर १ मेगाहर्ट्झला जवळपास ९५ ओहम होते. पिट एक ओहमचा असो वा पाच ओहमचा, गोंगाटाच्या दृष्टीने तो फार लांब आहे. गोंगाटाला पॅनेलच्या आतच, आखूड आणि रुंद वाटेने, जिथून निघाला तिथे परत पाठवावे लागते. ड्राइव्ह रंग दिलेल्या प्लेटवर बसवला असेल तर बोल्टखालचा रंग खरवडा, किंवा पॅनेल करतानाच गॅल्व्हनाइज्ड प्लेट वापरा. दाराला आणि पेटीला गोल वायरऐवजी चपटी ब्रेडेड पट्टी लावा. मोटर केबलचे शिल्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाईने क्लॅम्पखाली दाबा. शिल्ड पिळून त्याची वीतभर शेपटी टर्मिनलला लावली की मेगाहर्ट्झला ते शिल्ड नसल्यातच जमा होते.

याच प्रकरणात ‘सीएनसीचे वेगळे अर्थिंग’ या प्रथेबद्दलही स्पष्ट लिहिले आहे. यंत्रासाठी स्वतंत्र पिट खणायला हरकत नाही, पण तो कारखान्याच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेला असलाच पाहिजे. तो सुटा ठेवला, तर वीज पडल्यावर किंवा फॉल्टच्या वेळी दोन अर्थिंगमध्ये शेकडो-हजारो व्होल्टचा फरक उभा राहू शकतो, आणि यंत्राला हात लावून उभा असलेला माणूस त्या दोहोंच्या मध्ये येतो. त्याहून वाईट सवय म्हणजे संगणक जोडल्यावर अलार्म येतो म्हणून थ्री-पिनची अर्थची पिनच काढून टाकणे. अलार्म थांबतो खरा, पण माणसाचे संरक्षण जाते. अशा ठिकाणी पोर्टला ऑप्टो-आयसोलेटर लावावा, किंवा लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. वेल्डिंगच्या बाबतीतही हेच. वेल्डरने रिटर्नचा क्लॅम्प जॉबजवळ न लावता लेथच्या बेडला लावला, तर शेकडो अँपिअर बेअरिंगमधून आणि अर्थच्या वायरीतून वाट काढतात आणि पोर्टची चिप जळते.

पाचव्या प्रकरणापासून संदेशाची बाजू सुरू होते. जुन्या यंत्रांवर प्रोग्रॅम अजूनही आरएस-२३२ च्या वायरीतून जातो. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो. कॉन्टॅक्टरच्या ठिणग्यांची नक्कल करणाऱ्या आयईसी ६१०००-४-४ या चाचणीत झटक्यांची एक माळ १५ मिलिसेकंदांपर्यंत चालू शकते. तेवढ्या वेळात त्या वायरीतून १४४ बिट, म्हणजे चौदाएक अक्षरे, जाऊन गेलेली असतात. एका माळेत प्रोग्रॅमची एक ओळ सहज सापडते.

फॅनकच्या जुन्या नियंत्रकांवर ८५ क्रमांकाचा अलार्म दिसला, की ओव्हररन, पॅरिटी किंवा फ्रेमिंग यांपैकी काहीतरी चुकले आहे असे समजायचे. ८६ चा अर्थ समोरचे उपकरण तयार असल्याचा सिग्नल नाही, आणि ८७ म्हणजे थांब म्हटल्यावरही समोरून डेटा येतच राहिला. ८६ आणि ८७ दिसले तर बहुधा वायरिंग किंवा हँडशेकची सेटिंग पाहावी लागते. ८५ पहिल्याच अक्षराला येत असेल तर बॉड रेट तपासावा. तोच अलार्म शेकडो ओळी नीट गेल्यावर आणि दर वेळी वेगळ्या ओळीवर येत असेल, तरच गोंगाटाचा संशय घ्यावा.

ज्या चुकीवर अलार्म येत नाही तिचे काय, हा प्रश्न प्रत्येक तंत्रज्ञाच्या मनात पक्का बसावा असे मला वाटते. पॅरिटी बिट एका अक्षरातले एकचे आकडे सम आहेत की विषम, एवढेच पाहतो. आस्कीमध्ये १ हा आकडा ०११०००१ असा लिहिला जातो आणि २ हा ०११००१०. शेवटचे दोन बिट एकदमच उलटले की १ चा २ होतो, एकचे आकडे दोन्हीकडे तीनच राहतात, आणि पॅरिटीला काही कळत नाही. अलार्म न वाजता टूल एक मिलिमीटरऐवजी दोन मिलिमीटर आत जाते. म्हणून अलार्म आला तर वैतागू नये. यंत्राने चूक ओळखून काम थांबवले, ही त्यातली चांगली गोष्ट आहे. काळजी करावी ती शांतपणे चुकणाऱ्या यंत्राची.

हा प्रश्न आपल्या यंत्रांइतकाच जुना आहे. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी गोंगाट असलेल्या मार्गावरूनही संदेश हवा तितका अचूक पोचवता येतो, फक्त वेगाची मर्यादा पाळून त्याला योग्य संकेतात बांधावे लागते, हे गणिताने सिद्ध केले. १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी चुका नुसत्या ओळखणारे नव्हे, तर दुरुस्त करणारे संकेत मांडले. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीने छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र जगासमोर आणले. आजच्या सर्व्होच्या डिजिटल बसमध्ये सीआरसीची तपासणी असते. ती पॅरिटीपेक्षा कितीतरी कडक आहे आणि वरच्यासारखी दोन बिटांची चूक तिच्या नजरेतून सुटत नाही. फॅनकसारखे निर्माते नियंत्रक आणि सर्व्हो अँप्लिफायर यांच्यामध्ये फायबर ऑप्टिक वापरतात. त्यावर विद्युत गोंगाटाचा परिणाम होत नाही. कनेक्टरच्या तोंडावर बसलेली धूळ आणि नको तितकी वाकवलेली केबल मात्र तिथेही घात करते.

तालुक्याच्या गावांत दरवाजे आणि देव्हारे कोरणाऱ्या सीएनसी राउटरवर एक सोपे प्रकरण आहे. यातली अनेक यंत्रे यूएसबीवर चालतात आणि स्पिंडलचा व्हीएफडी सुरू झाला की संगणकाशी जोडणीच तुटते. अशा कारागिरांकडे सर्व्हिस इंजिनिअर येत नाही. त्यांना उपयोगी पडतील अशा गोष्टी तिथे दिल्या आहेत : स्पिंडलला शिल्ड केबल, सिग्नलच्या आणि पॉवरच्या वायरींमध्ये वीतभर अंतर, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात, लिमिट स्विचला २४ व्होल्ट, आणि नवा नियंत्रक घ्यायचा असेल तर इथरनेटवरचा. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या राहतात.

पुस्तकाचा गाभा मात्र शोधाच्या पद्धतीत आहे. गोंगाटाला तीन अंगे असतात : उगम, वाट आणि ज्याला त्रास होतो ते उपकरण. तिन्हींपैकी एक तोडले तरी अलार्म थांबतो, पण कोणते तोडले हे कळले पाहिजे. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. नमुन्यादाखल एक उदाहरण सविस्तर मांडले आहे. एका लेथवर झेड अक्षाच्या एन्कोडरचा अलार्म येतो. केबल बदलली, कार्ड बदलले, फरक नाही. मग पॅनेलच्या दाराला वही बांधली. अलार्म आला की वेळ, क्रमांक, त्या क्षणी चालू असलेला ब्लॉक आणि आजूबाजूला काय सुरू झाले किंवा बंद झाले, एवढे ऑपरेटरने लिहायचे. चार पाळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते, की प्रत्येक अलार्म कूलंट पंप बंद होण्याच्या क्षणी आला आहे. पंपाचा एमसीबी पाडून यंत्र कोरडेच चालवले, अलार्म नाही. पंप हाताने वीस-पंचवीस वेळा चालू-बंद केला, अलार्म आला. पंपाचा कॉन्टॅक्टर मागे कधी तरी बदलला होता आणि जुन्याच्या कॉइलवर असलेला आरसी सर्ज सप्रेसर नव्यावर बसवलाच नव्हता. तो बसवला आणि मोटरच्या तीन फेजवरही एक जोडला, मग पुन्हा तितक्याच वेळा पंप चालू-बंद केला. आता अलार्म येत नाही. दोष गेला असे म्हणायचा हक्क या शेवटच्या चाचणीने मिळतो, नुसत्या वाट पाहण्याने मिळत नाही.

या पद्धतीचा दुसरा नियम म्हणजे गोंगाट सिद्ध झाल्याशिवाय त्याचे नाव घ्यायचे नाही. मिलच्या परिसरात लोखंडाची बारीक भुकटी हवेत असते. उन्हाळ्यात पॅनेल तापते म्हणून दार उघडून समोर पंखा लावतात आणि ती वाहक भुकटी थेट कार्डांवर जाऊन बसते. एन्कोडरच्या कनेक्टरमध्ये कूलंट झिरपतो. एसएमपीएसचे कपॅसिटर वाळतात आणि २४ व्होल्टवर रिपल वाढतो. टर्मिनलचा स्क्रू ढिला होतो, ड्रॅग चेनमधली एक तार आतून तुटते आणि अक्ष एका ठराविक जागी गेला की सुटते. हे सगळे दोष स्क्रीनवर गोंगाटासारखेच दिसतात. अलार्म नेहमी एकाच जागी येत असेल तर तार पाहा, नेहमी एकाच घटनेबरोबर येत असेल तर गोंगाट पाहा, आणि दुपारी तापल्यावरच येत असेल तर उष्णता पाहा. निर्माता परवानगी देत असेल, तर सारख्याच दोन अक्षांच्या केबल अदलाबदल करून दोष केबलबरोबर सरकतो का, हेही पाहता येते.

सुरक्षिततेची सूचना प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुन्हा दिली आहे, ती कुणी वगळू नये. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठलेले असते. मेन बंद केला म्हणून ते लगेच उतरत नाही. निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबा, चार्जचा दिवा विझला तरी मीटरने मोजा आणि मगच हात घाला.

हे पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून जालन्याच्या, चिकलठाण्याच्या, वाळूजच्या कारखान्यांत मेंटेनन्सला लागलेली मुले-मुली होती. त्यांच्या हाताला कसब आहे, मीटर आहे आणि शिकायची तयारीही आहे. या विषयावरचे चांगले लेखन मात्र मुख्यतः इंग्रजी मॅन्युअलमध्ये अडकून पडले आहे आणि रात्रपाळीला अलार्म आला की ते वाचून समजावणारे कुणी जवळ नसते. म्हणून भाषा पॅनेलसमोर बोलली जाते तीच ठेवली आहे. गणित लागेल तेवढेच आहे, पण जिथे लागते तिथे टाळलेले नाही, कारण ९५ ओहमचा हिशेब स्वतः केला की पिटमध्ये पाणी का पुरत नाही ते कायमचे कळते.

कारखान्याच्या मालकांना एक विनंती आहे. कार्ड बदलून यंत्र चालू झाले की प्रश्न मिटला असे धरू नका. कारण सापडले नसेल तर पुढचे कार्डही त्याच वाटेने जाणार. तुमच्या तंत्रज्ञाला नोंदी ठेवायला वेळ द्या, आणि त्याने यंत्र अर्धा तास चाचणीसाठी मागितले तर द्या. नोंदींतून पुरवठ्याचाच दोष निघाला, तर डिपच्या तारखा आणि वेळा हातात असल्याने महावितरणकडची तुमची तक्रार वजनदार होईल. दोष पॅनेलमध्ये निघाला, तर तो तुमच्याच माणसाने तुमच्याच कारखान्यात शोधलेला असेल, आणि पुढचे यंत्र बसवताना वायर कुठून न्यायची हे त्याला कुणी सांगावे लागणार नाही.